आजीची कात्री आणि नातीचे छापचित्र

‘चित्रं काढून पोट भरतं का?’ कलाशाखेत गेलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला हा प्रश्न ऐकावा लागतो. कामठीतील ज्या वस्तीत आम्ही काम करतो, तिथली एक मुलगी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर चित्रकलेची पदवी घेत आहे. तिचे नाव इथे देत नाही, पण तिचे काम समजून घ्यायला हवे.

तिची आजी विडी कामगार होती. पत्र्याच्या मापावर तेंदूपान ठेवून कात्री चालवणारे ते हात हीच तिची पहिली प्रेरणा. कामठी म्हणजे बाबू हरदास एल. एन. यांची कर्मभूमी. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले आणि ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवले. १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. हा इतिहास तिला आधी आजीकडून कळला, पुस्तकातून नंतर.

ती लिनोकट करते. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढलेला भाग छापात पांढरा राहतो, उरलेल्या भागावर रोलरने शाई लावतात. घरी छापयंत्र नाही, म्हणून कागद ठेवून ती चमच्याच्या पाठीने घासते. एका ठशातून अनेक प्रती निघतात, त्यामुळे चित्र कमी पैशांत घरोघरी पोहोचू शकते. छाप उलटा उमटत असल्याने अक्षरे मात्र उलटी कोरावी लागतात.

दुसरी प्रेरणा कार्ले लेण्यांची. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्या सामान्य माणसांची नावे आहेत. धेनुकाकट गावचा एक सुतार आणि एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारीही त्यांत आहेत. ते पाहिल्यापासून ती प्रत्येक चित्राखाली त्या विडी कामगार बाईचे नाव कोरते.

शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्क भागते. कागद, शाई, कोरण्याची हत्यारे यांचा खर्च मात्र घरावर पडतो. एका वर्षी हप्ता इतका लांबला की तिने शिक्षण सोडायचे ठरवले होते. आजही एप्रिलमध्ये ती रात्री जागून फ्लेक्सची डिझाइन करते आणि त्या पैशातून कागद घेते.

१९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. त्या शिक्षणाचे त्यांनी समाजासाठी काय केले, हे आपण जाणतो. शिष्यवृत्ती हा उपकार नाही, तो हक्क आहे. पण हक्काचा पैसा कलावंताला पदवीपर्यंतच नेतो, त्यापुढे समाज लागतो.

कार्ल्याची लेणी अशाच लहानमोठ्या दानांतून उभी राहिली. जयंतीचे फ्लेक्स आठवड्याभरात फाटतात. त्यातल्या एका फ्लेक्सच्या खर्चात आपल्या विहारासाठी एक छापचित्र विकत घेता येईल. यंदाच्या जयंती समितीच्या बैठकीत हा विषय मांडा, असे आमचे युवा साथींना आवाहन आहे.

जय भीम!