फ्रेंच ऐकायला काय निवडावे?

परभणी जिल्ह्यात फ्रेंच कोण शिकणार, असे वाटेल. पण राज्य मंडळाच्या बारावीच्या विषयांत फ्रेंच आहे आणि मोबाईलवर कोणत्याही भाषेचे धडे मिळतात. सेलूच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या मुलीने फ्रेंच शिकायचे ठरवले, तर पुस्तकावाचून तिचे अडणार नाही. अडेल ते ऐकण्यावाचून. पुण्यात आलियाँस फ्राँसेझमध्ये शिक्षक समोर उभे राहून बोलतात. इथे फ्रेंच बोलणारे माणूस भेटणे कठीण. तिला रेकॉर्डिंगवरच भागवायचे आहे. ते कोणते घ्यावे हे विचारायला ती बहुधा शाळेतल्या भाषेच्या शिक्षकांकडेच येईल, मग त्यांना फ्रेंच येवो अथवा न येवो.

आधी कानाविषयी थोडे. त आणि ट यांतला फरक कुणाला ऐकू येत नसेल, हे आपल्याला खरे वाटत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले हे दोन ध्वनी वेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना येत नव्हते. कानात बिघाड नव्हता. घरच्या भाषेत जो फरक अर्थ बदलत नाही, तो मेंदू सोडून द्यायला शिकला होता.

फ्रेंच ऐकताना आपलीही हीच गत होते. फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' यांचे दोन शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही 'दसू' असेच लिहावे लागतील. फरक शेवटच्या स्वरात आहे. 'खाली'मधला स्वर आपला ऊ. 'वर'मधला स्वर वर्गात करून पाहा: लांब ई म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करा. हा स्वर मराठीत नाही, म्हणून मराठी कान त्याला बहुधा ऊ समजतो आणि पुस्तक टेबलावर आहे की टेबलाखाली, ते कळत नाही. नाकातल्या स्वरांच्या बाबतीत मात्र परभणीची मुले सुदैवी आहेत. प्रमाण मराठीत अशा स्वरांमुळे सहसा अर्थ बदलत नाही. पण उर्दू-हिंदी त्यांच्या रोज कानावर असते आणि 'है' व 'हैं' त्यांना आपोआप वेगळे कळतात.

हरवलेला फरक पुन्हा कमावता येतो का? येतो. जपानी माणसांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत. अमेरिकेत पिसोनी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडून सराव करून घेतला. अनेक माणसांच्या आवाजात सराव केलेल्यांना अनोळखी आवाजातही फरक कळू लागला. एकाच आवाजावर सराव केलेल्यांना तो नव्या आवाजात नीटसा कळेना. म्हणून निवडीत मी पहिले पाहीन ते हे, की बोलणारे किती आहेत. एका गोड आवाजाचे चाळीस धडे घेण्यापेक्षा बायका, पुरुष, मुले, म्हातारी माणसे अशा दहा आवाजांतले लहान तुकडे घ्यावेत.

दुसरी अडचण शब्दांच्या सीमांची. आपण 'जात आहे' लिहितो आणि 'जातंय' म्हणतो. फ्रेंचमध्ये हे फारच होते. 'मुले' याचा शब्द 'आँफाँ'. त्याआधी बहुवचनी उपपद 'ले' आले की ऐकू येते 'लेझाँफाँ'. हा 'झ' दोन्ही शब्द सुटे म्हटले तर कुठेच नसतो. 'मला माहीत नाही' याला पुस्तकात 'झ न से पा', बोलण्यात 'शे पा'. वेग कमी करून ऐकावे हा सल्ला इथे लंगडा पडतो, कारण 'शे पा' संथ केले तरी 'शे पा'च राहते, गळलेले ध्वनी परत येत नाहीत. यासाठी शब्दशः लिहिलेला मजकूर सोबत हवाच. तो नसलेले रेकॉर्डिंग, कितीही सुंदर असो, सुरुवातीला बाजूला ठेवावे. आधी मजकूर न पाहता दोन-तीनदा ऐकावे, मग पाहत ऐकावे, मग पुन्हा झाकून. दोन मिनिटांचा तुकडा पुरतो.

रेडिओ फ्रान्स इंतरनास्योनालचे सोप्या फ्रेंचमधले बातमीपत्र मजकुरासह मिळते. वेग बेताचाच कमी असतो, पण बातमीची पार्श्वभूमी समजावून सांगतात. ज्या बातम्या मुलीने सकाळीच मराठीत वाचल्या असतील, त्या आधी घ्याव्यात.

गाणी मुलांना आवडतात, जरूर ऐकावीत. पण बोलताना गळणारे शब्दांतले शेवटचे स्वर गाण्यात पुष्कळदा म्हटले जातात, तेव्हा उच्चारासाठी त्यांच्यावर विसंबू नये. आणि ऐकायला साधा का होईना, इअरफोन द्यावा. स, फ यांसारख्या ध्वनींची ओळख उंच कंपनांत असते. पंख्याची घरघर आणि पत्र्याच्या वर्गातला घुमारा यांत तीच आधी बुडते.