वॉशिंग्टन इथे मुक्कामी होते!

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर ईस्ट सेटॉकेट गाव आहे. तिथे रस्त्याकडेला लावलेली पाटी सांगते: २२ एप्रिल १७९० च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन इथल्या रो टॅव्हर्न या सराईत राहिले. जागा बऱ्यापैकी आणि माणसं अगत्याची, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केलीय.

मला मात्र पाहुण्यापेक्षा यजमान जास्त भावतो. सराईचे मालक ऑस्टिन रो स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टन यांच्याच कल्पर हेरजाळ्यात होते! माल आणायच्या निमित्ताने ते घोड्यावरून इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्क शहरात जात. अंतर सुमारे ९० किलोमीटर. येताना सामानात गुप्त पत्रं, काही तर अदृश्य शाईतली. पकडले गेले असते तर थेट फाशी.

सराईची इमारत पुढे दुसरीकडे हलवली. ईस्ट सेटॉकेटकडे कुणी राहत असाल तर पाटीचा फोटो नक्की टाका.