कागदावर सूट, नाक्यावर अडवणूक : लॉकडाऊननं सीमाभागातल्या मच्छीमारांना काय शिकवलं



परवा संस्थेचं कपाट आवरताना २०२० सालची एक फाईल हाती लागली. आत जुने पास, झेरॉक्स, बर्फाच्या पावत्या आणि पाणी लागून शाई पसरलेला एक सरकारी आदेश. आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं तो आदेश कित्येक दिवस खिशात वागवला होता. फाईल चाळताना वाटलं, त्या दिवसांवर आपण एकदा नीट बोलायला हवं. रडगाणं गायला नव्हे, पुढच्या वेळी शहाणं असावं म्हणून.

२४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून देश २१ दिवसांसाठी बंद झाला. चार तासांची मुदत. धरणावर जाळं लावून बसलेल्या माणसाला तेवढ्यात काय आवरता येणार?

आणि वेळ कुठली? मार्च ते मे म्हणजे आपल्या धंद्याचा ऐन हंगाम. उन्हाळ्यात हिडकल धरणाचं पाणी खाली जातं, तलाव आटतात, तेव्हाच रोहू, कटला, मृगळ जाळ्यात येतो. पावसाळ्यात बोटुकली सोडायची, वर्षभर वाट बघायची आणि या तीन महिन्यांत पैसा करायचा. किनाऱ्यावरच्या बोटमालकांचंही तेच. पावसाळी बंदीच्या आधीचे हे शेवटचे दिवस. मालवण, वेंगुर्ल्याची मासळी घाट चढून बेळगावात आणि निपाणीत येते, ती वाटही त्याच रात्री बंद झाली.

आता त्या फाईलमधले आदेश तारखेप्रमाणे बघा.

२४ मार्चच्या केंद्राच्या आदेशात मटण-मासळीच्या दुकानांना सूट होती. म्हणजे मासे विकायला परवानगी, पण मासे धरण्याबद्दल चकार शब्द नाही! मासे काय आभाळातून पडणार होते?

१० एप्रिलला केंद्राच्या गृह मंत्रालयानं नवा आदेश काढला. त्यात मासेमारी आली, पण सागरी. सोबत मत्स्यशेती. नदीत आणि धरणात मासे धरणाऱ्यांचं नाव नव्हतं.

१५ एप्रिलच्या आदेशात अखेर सागरी आणि गोड्या पाण्यातली अशा दोन्ही मासेमारीचा उल्लेख झाला. मासळी, मत्स्यबीज, खाद्य आणि या कामातले कामगार, सगळ्यांच्या ये-जा करण्याला सूट मिळाली. अंमल २० एप्रिलपासून. म्हणजे आपल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या मच्छीमारांचं नाव कागदावर यायलाच तीन आठवडे गेले.

बरं, कागदावर आलं म्हणून नाक्यावर चाललं का? नाही चाललं. आमचा टेम्पो एका नाक्यावर अडवला. ड्रायव्हरनं आदेश दाखवला. "हा दिल्लीचा. जिल्ह्याचा पास कुठाय?" पास ऑनलाइन काढायचा, तर फॉर्म इंग्रजी-कन्नडमध्ये. आमच्या बऱ्याच सभासदांना कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं कळतंही, पण वाचता येत नाही. दोन फोन, चार विनवण्या आणि दुपारचं ऊन. तोवर क्रेटमधला बर्फ पाणी होऊन रस्त्यावर वाहत होता. तो माल शेवटी फेकूनच द्यावा लागला. दंड झाला नाही, गुन्हा दाखल झाला नाही, कुठल्या वहीत नोंदसुद्धा झाली नाही. नुकसान मात्र झालं.

घरोघरी टोपली घेऊन फिरणाऱ्या आपल्या भगिनींचं तर याहून वाईट. टोपलीला कसला पास मिळतो? दुकानाला सूट होती, दुकान नसलेल्या बाईला नव्हती.

आपल्या भागाचं दुखणं आणखी वेगळं. निपाणीच्या माणसाचा दवाखाना कोल्हापुरात, लेक कागलला दिलेली आणि रेशनकार्ड कर्नाटकाचं. मे २०२० मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी घातली. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला. कोगनोळी नाक्यावरची तपासणी आठवत असेलच. रोज मासळी ने-आण करणाऱ्यानं दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची का, याचं उत्तर त्या नियमात नव्हतं.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असं नाही. तिकडे दक्षिणेला मंगळूर आणि कासरगोडच्या मधे तलपाडीला कर्नाटकानं रस्ता बंद केला. कासरगोडचे रुग्ण उपचारासाठी मंगळूरलाच जात, ते अडकले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. १ एप्रिल २०२० रोजी न्यायालयानं सांगितलं की, तातडीच्या उपचारासाठी जाणाऱ्याला अडवणं हे घटनेच्या कलम १९ आणि २१ च्या विरोधात आहे. पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत विषय गेला आणि रुग्णांना सोडण्याची पद्धत ठरली. सांगायचं एवढंच, की राज्याची हद्द आली म्हणून माणसाचा हक्क तिथं संपत नाही.

हक्क म्हटलं की आपल्याला वाटतं, हे वकिलांचं काम. तसं नाही. भारतभर फिरण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क कलम १९ देतं. जगण्याचा हक्क कलम २१ देतं. आणि १९८५ साली मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पोट भरण्याचं साधन हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

साथीत या हक्कांवर मर्यादा घालता येते, हेही खरं. दुसऱ्या लाटेत आपणही आपली माणसं गमावली आहेत, रोग खोटा होता असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण मर्यादेलाही मर्यादा असते. बंदी कायद्यानं घातलेली हवी, गरजेपुरती हवी, ठरावीक मुदतीची हवी आणि सगळ्यांना सारखी हवी. साथरोग कायदा १८९७ सालचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. मुळात चारच कलमं होती. चौथं कलम सद्‌हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टकचेरीपासून वाचवतं. लोकांच्या हक्काबद्दल त्यात एक ओळही नव्हती. त्या प्लेगमधल्या घरझडत्यांनी पुण्यात किती संताप पेटला आणि पुढं काय घडलं, ते आपण शाळेत शिकलोच आहोत.

आता थोडं कटू बोलतो, बोटमालकांनो. सगळा दोष सरकारच्या माथी मारून चालणार नाही. गुजरातच्या वेरावळला आंध्रचे हजारो मच्छीमार अडकले, कित्येक आठवडे बोटींवरच दाटीवाटीनं राहिले आणि एप्रिलअखेर बसनं घरी निघाले. आपल्या किनाऱ्यावरही नेपाळी आणि परराज्यातले खलाशी होते. त्यांचं नाव आपल्या वहीत होतं का? हिशेब मिटवला का? जेवणाची सोय किती दिवस केली? काहींनी केली, त्यांना हात जोडतो. काहींनी नाही केली. नाक्यावर आपल्याला जे वाटलं, तेच खलाशाला आपल्या दारात वाटलं असेल.

आता कामाचं बोलू. साथ असो, महापूर असो, नाका पुन्हा बंद होऊ शकतो. म्हणून एवढं कराच :

▪️ प्रत्येक सभासदाचं ओळखपत्र, धरणाच्या किंवा तलावाच्या ठेक्याचा कागद आणि वाहनाची कागदपत्रं एका फाईलमध्ये ठेवा. फोटो मोबाईलमध्येही हवेत.

▪️ टोपलीवाल्या भगिनींना संस्थेचं विक्रेता ओळखपत्र द्या. कागद नाही म्हणून परत पाठवलं, असं पुन्हा होऊ नये.

▪️ खलाशांची नोंदवही ठेवा. नाव, गाव, घरचा फोन, ठरलेली मजुरी.

▪️ अडवलं तर वाद घालू नका. कोणत्या आदेशानं अडवलं ते विचारा. तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा, मालाचा फोटो काढा. आमच्याकडे २०२० ची अशी नोंद असती, तर निदान भरपाईचा अर्ज तरी करता आला असता.

▪️ तक्रार मराठीत लिहायला घाबरू नका. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेचं कलम ३५० देतं. सोबत कन्नड प्रत जोडली तर काम लवकर होईल, पण ती सोय म्हणून जोडा.

तो शाई पसरलेला आदेश आम्ही फेकलेला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा फाईलला लावला आहे. आता त्याच्या शेजारी आपल्या सभासदांचे, भगिनींचे आणि खलाशांचे कागद लागले पाहिजेत. फाईल कार्यालयात आहे. या महिन्यात येऊन आपापले कागद लावून जा.

तुमच्यापैकी कुणाकडे त्या दिवसांचा पास, पावती किंवा फोटो असेल तर तोही घेऊन या. आठवण म्हणून नको, पुरावा म्हणून हवा आहे.