एका वाकड्या शब्दाची गोष्ट

मुलांनो, गणिताचे उत्तर चुकले की आपण सहज ‘राँग’ म्हणतो. दूरध्वनी भलत्याच घरी लागला, तर तो ‘राँग नंबर’ ठरतो. हा इंग्रजी शब्द सुमारे हजार वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातील लोकांच्या भाषेतून इंग्लंडात आला. त्याचा मूळ अर्थ होता ‘वाकडा’. उलट ‘राइट’चा मूळ अर्थ ‘सरळ’. आपणही दुर्वर्तनी मनुष्य ‘वाकड्या वाटेने गेला’ असेच म्हणतो!

शब्दकोशात ‘राँग’चे अर्थ नेमके दिलेले आढळतात : चुकीचा, अयोग्य, अन्याय्य. परंतु लोकांच्या तोंडी शब्द निराळी रूपे धारण करतो. ‘राँग-अन’ हा बोलभाषेतील प्रयोग पाहा. क्रिकेटमध्ये, विशेषतः ऑस्ट्रेलियात, हे गुगलीचे नाव आहे. १९०० च्या सुमारास बोझांके या इंग्रज गोलंदाजाने हा चेंडू प्रचारात आणला. लेगब्रेकच्या आविर्भावात टाकलेला हा चेंडू टप्पा पडताच उलट दिशेला वळतो आणि फलंदाज फसतो. कोशात मागे पडलेला ‘वाकडा’ हा अर्थ येथे पुन्हा जिवंत झालेला दिसतो.

इंग्लंडात अप्रामाणिक माणसालाही ‘राँग-अन’ म्हणतात. येथे मात्र सावध असावे. चुकलेले उत्तर खोडून दुरुस्त करता येते. माणसाला चिकटलेला शब्द सहजासहजी पुसला जात नाही. म्हणून शब्द उच्चारण्यापूर्वी तो आपण उत्तराला लावीत आहोत की माणसाला, याचा क्षणभर विचार करावा.