बोट धरून चालताना

दिवसअखेर हिशेब जुळल्याशिवाय शाखेतून उठायचे नाही, ही बँकेत रुजू झाल्यावर मिळालेली पहिली शिकवण. वाणिज्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माझ्या मनाला ती सहज पटली. प्रत्येक नावे नोंदीसमोर जमेची नोंद असते, फरक राहिलाच तर तो शोधून काढता येतो, अशी माझी श्रद्धा होती. या श्रद्धेला पहिला धक्का आमच्या मुलाने दिला. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. मोठेपणी स्वतःची कहाणी सांगायची की नाही, हे त्याने ठरवावे.

त्या वेळी माझी नेमणूक हैदराबादला होती. पती, सासूबाई आणि आमचा अडीच वर्षांचा मुलगा असे आमचे चौकोनी कुटुंब. मूल देखणे, तब्येतीने उत्तम, पण हाक मारली तरी मागे वळून पाहत नसे. खेळण्यातली मोटार चालविण्याऐवजी ती उलटी करून तिचे चाक तासन्‌तास फिरवीत बसे. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून किंचाळे. पाणी हवे असेल तर बोट दाखवून मागत नसे. माझा हात धरून मला माठापाशी नेई आणि तो हात माठावर ठेवी, जणू तो हात म्हणजे एखादे उपकरणच. २०२० च्या टाळेबंदीचे ते दिवस होते. ‘घरात माणसे दिसत नाहीत म्हणून बोलत नसेल’, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही चार वर्षांनी बोलले’ अशा समजुतींवर आम्ही आणखी सहा महिने घालविले. आज मागे वळून पाहताना त्या सहा महिन्यांचीच तेवढी खंत वाटते.

अखेर बालविकासतज्ज्ञांनी दोन भेटींत त्याचे निरीक्षण केले, आम्हाला असंख्य प्रश्न विचारले आणि शांतपणे सांगितले, ‘हे ऑटिझम आहे.’ मराठीत यालाच स्वमग्नता म्हणतात. त्या रात्री घरात कोणीच जेवले नाही.

वाचकहो, स्वमग्नता हा रोग नव्हे. मेंदूची जडणघडणच निराळी असल्यामुळे संवाद, सामाजिक वागणूक आणि संवेदना यांत जाणवणारे ते वेगळेपण होय. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास करून या अवस्थेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे हान्स अ‍ॅस्परगर यांनी तशाच मुलांविषयी लिहिले. त्यानंतर बराच काळ या अवस्थेचे खापर आईच्या ‘थंड’ स्वभावावर फोडले गेले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये या कल्पनेचे खंडन केले. या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आज सर्वमान्य आहे. लसीमुळे ऑटिझम होतो असे सुचविणारा १९९८ चा एक शोधनिबंध संबंधित नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला; पुढील अनेक मोठ्या अभ्यासांत तसा कोणताही संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे आपल्या शाखेत दिवसभरात येणाऱ्या ग्राहकांपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी असे मूल असणारच.

दोष आपला नाही, हे कळायला एक दिवस पुरला. ते मनाला पटायला मात्र वर्ष लागले. नोकरी करणाऱ्या आईला तर हा प्रश्न थेटच विचारला जातो. ‘तुम्ही दिवसभर बँकेत असता ना?’ असे एका बालवाडीत मला विचारले गेले आणि पुढच्या महिन्यापासून मुलाला पाठवू नका, असेही सांगण्यात आले.

याच काळात आमच्या हातून एक चूक घडली. आमच्या घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी. एका हितचिंतकाने सांगितले, ‘इतक्या भाषांनी मुलाचा गोंधळ होतो. इंग्रजीच ठेवा, उपचारही त्याच भाषेत होतील.’ आम्हाला ते तर्कशुद्ध वाटले. घरात इंग्रजी सुरू झाले. माझे इंग्रजी पत्रव्यवहाराचे. त्यात लाड करता येत नव्हते, दटावताही येत नव्हते. सासूबाईंना तर ती भाषा येतच नाही. नातवाचे काही बिघडू नये म्हणून त्या त्याच्याशी बोलायच्याच थांबल्या. दिवसभर त्याला सांभाळणारे माणूसच घरात मुके झाले. तीन-चार महिन्यांनी वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंच्या हे लक्षात आले, तेव्हा त्या जवळजवळ रागावल्याच. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे अभ्यासांत दिसलेले नाही. ज्या भाषेत घर हसते-रडते, तीच भाषा त्याला द्या, असे त्यांनी बजावले. घरी येऊन मी सासूबाईंना म्हटले, ‘आई, बोला त्याच्याशी. हवे तेवढे बोला.’ त्या काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसून त्याच्यासाठी भात कालवायला उठल्या.

उपचार या शब्दाने गोळ्या-औषधे डोळ्यांपुढे येतात. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध अस्तित्वात नाही आणि तसा दावा करणाऱ्यांपासून सावध राहावे. खरा उपयोग होतो तो वाचा-उपचार, व्यवसायोपचार, विशेष शिक्षण आणि यांहून अधिक, घरच्या रोजच्या सरावाचा. आम्ही त्याच्या दिवसाची चित्रे भिंतीवर ओळीने लावली : दात घासणे, अंघोळ, न्याहारी, झोका, शाळा. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसू लागल्यावर त्याची निम्मी अस्वस्थता ओसरली. कुकर लावण्यापूर्वी आजी त्याला कुकरचे चित्र दाखवी आणि दुसऱ्या खोलीत नेई. एका चित्राच्या बदल्यात एक वस्तू, अशा देवघेवीतून त्याने मागायला शिकून घेतले. चौथ्या वर्षी त्याने प्रथम बोट दाखविले, ते खिडकीबाहेरच्या रिक्षाकडे. ती रिक्षा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

एकदा नाइलाजाने त्याला शाखेत आणावे लागले. नोटा मोजण्याचे यंत्र सुरू झाले आणि तो जमिनीवर लोळून किंचाळू लागला. रांगेतून शब्द आले, ‘पोराला काही वळणच नाही.’ आमच्या शाखेचे पहारेकरी काका मात्र काही न विचारता उठले, कोपऱ्यात, यंत्रापासून दूर, त्यांनी एक खुर्ची ठेवली आणि आमच्यापुढे पाठमोरे उभे राहिले, जेणेकरून लोकांच्या नजरा अडाव्यात. दहा मिनिटांत मूल शांत झाले. सहकारी मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. असे मूल शाखेत आले तर उपदेश नको, खाऊचे आमिष नको. गर्दी बाजूला करावी, आवाज कमी करावा आणि त्या पालकांचे काम आधी उरकून द्यावे.

बँकेत असल्यामुळे काही गोष्टी मला लवकर समजल्या. त्या वाचकांपर्यंत पोहोचविणे माझे कर्तव्य आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात नियमित उपचारांचाही विचार केला आहे. जुन्या करप्रणालीनुसार विवरणपत्र भरणाऱ्या पालकांना आयकरात वजावट मिळू शकते. दिव्यांग अपत्याचे संगोपन करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना नित्याच्या बदलीतून सूट देण्याविषयी २०१४ मध्ये निर्देश निघाले. आपापल्या संस्थेत त्याबाबत काय नियम आहेत, हे मनुष्यबळ विभागाकडे अवश्य विचारावे.

सर्वांत महत्त्वाची बाब अठराव्या वर्षाची. मूल सज्ञान झाल्यावर आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. त्याच्या नावावरील खाते त्याला स्वतः चालविता येत नसेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. या समितीत जिल्हाधिकारी असतात. समितीने दिलेल्या पालकत्व प्रमाणपत्रावर विसंबून बँकांनी खाते उघडावे व चालवू द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने कळविलेले आहे. प्रत्येक स्वमग्न व्यक्तीला पालक लागतोच असे मात्र नाही. जी आपला व्यवहार पाहू शकते, तिचा हक्क काढून घेऊ नये. आणखी एक गोष्ट : ठेवीला नामनिर्देशन केले म्हणजे सर्व झाले, असे अनेक पालक मानतात. नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते. त्यामुळे मुलासाठी रीतसर मृत्युपत्र करावे आणि शक्य असल्यास विश्वस्त निधीचा विचार करावा.

‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक स्वमग्न मुलाच्या पालकांच्या उशाशी असतो. माझ्याजवळ त्याचे पूर्ण उत्तर नाही. पण एकट्याने उत्तर शोधायचे नसते, एवढे कळले आहे. दिल्लीची ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ पासून आणि मुंबईची ‘उम्मीद’ २००१ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. आमच्या हैदराबादेजवळ सिकंदराबाद येथे बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. अशा ठिकाणी उपचारांइतकेच मोलाचे काही मिळते. ते म्हणजे आपल्यासारखेच आई-बाप.

आज तो आठ वर्षांचा आहे. वाक्ये जुळवून बोलणे त्याला अजून अवघड जाते. ऐकलेली वाक्ये मात्र तो जशीच्या तशी उच्चारतो. पूर्वी मला तो निरर्थक प्रतिध्वनी वाटे. त्या वाक्यांतही अर्थ असतो, हे नंतर उमगले. संध्याकाळी दाराची कडी वाजली की सासूबाई आतून विचारतात, ‘आई आली का?’ गेल्या वर्षी एके दिवशी त्या देवळात गेल्या होत्या. मी कडी वाजविली, दार उघडले आणि तो माझ्याकडे न पाहता, आजीच्याच सुरात म्हणाला, ‘आई आली का?’

‘हो,’ मी म्हटले, ‘आली.’

त्याने माझे बोट धरले आणि मला आत नेले. माठाकडे नव्हे, झोक्याकडे. त्या दिवशी शाखेत हिशेबात फरक राहिला होता की नाही, ते आता मला आठवत नाही.