अपोलोच्या संगणकामागचा विभाग

अपोलो यानातल्या संगणकाची बदलता येणारी मेमरी होती जेमतेम २,०४८ शब्दांची. तेवढ्यात चंद्रापर्यंतचं गणित बसवायची जबाबदारी अमेरिकेतल्या एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीवर होती. यानावरच्या सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन.

पक्का झालेला प्रोग्रॅम रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्री-कामगार तारांच्या रूपात हातांनी विणत. तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. विणल्यावर दुरुस्ती महाकठीण. त्यामुळे शेकडो जणांच्या कामाला ‘आता बदल बंद’ म्हणण्याची वेळ ठरवणं, हा अशा विभागातला सर्वांत जड निर्णय.

हॅमिल्टन यांची लहान मुलगी एकदा सिम्युलेटरची बटणं दाबत होती. ऐन ‘उड्डाणात’ तिने उड्डाणपूर्व तयारीचा प्रोग्रॅम सुरू केला आणि सगळं कोलमडलं. ही चूक रोखणारी तजवीज हॅमिल्टन यांनी सुचवली. प्रशिक्षित अंतराळवीर असं करणारच नाहीत, म्हणून ती नाकारली गेली. निदान सूचनापत्रात तरी त्यांनी इशारा लिहून ठेवला.

डिसेंबर १९६८. अपोलो ८ चंद्राहून परतत असताना अंतराळवीर जिम लॉव्हेल यांच्याकडून नेमका तोच प्रोग्रॅम निवडला गेला. यानाच्या दिशेची नोंद पुसली गेली, ती पुन्हा जुळवावी लागली. त्यानंतर मात्र हॅमिल्टन यांची तजवीज मंजूर झाली.