शेवाळ्याची साक्ष

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा फार शिकलो नाही. पण धुराची तक्रार घेऊन गेलो की पहिला सवाल ठरलेला, “पुरावा काय?” हवेतले शिसे वा कॅडमियम डोळ्यांना दिसत नाही, आणि ते मोजणारी यंत्रे महाग. मग गरिबाने करावे काय?

झाडांच्या सालीवर मखमलीसारखे शेवाळे वाढते, ते पाहा. त्याला खरी मुळे नसतात. पावसाचे पाणी आणि अंगावर बसणारी धूळ यांतूनच ते पोषण घेते. सोबत आलेले धातू त्याच्या अंगात साठत जातात. स्वीडनमधील रूलिंग आणि टायलर या शास्त्रज्ञांनी १९६८ साली हा गुण शिसे मोजण्याच्या कामी लावून दाखवला.

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ साली झाडांवरील शेवाळ्याचे ३४६ नमुने गोळा करून प्रयोगशाळेत तपासले. नकाशा काढला, तेव्हा कॅडमियमचे ठळक डाग उमटले ते रंगीत काचेच्या कारखान्यांभोवती! २०१५ साली सरकारी खात्याने तेथे यंत्र लावले. हवेतही कॅडमियम आणि आर्सेनिक सापडले.

शेवाळ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. श्वासातून किती विष जाते, हे ते सांगत नाही; महाग यंत्र नेमके कोठे लावावे, एवढे सांगते. पण आमच्या मते तेवढेही थोडे नाही. यंत्र चुकीच्या जागी बसले, तर विष असूनही कागद कोरा राहतो. आणि कोऱ्या कागदावर कोणी न्याय देत नाही.